छत्रीमान्या खरंच होता का गं आई?

पत्र थोडं कमी करून देतेय:

"मावशी, नमस्कार. माझा मुलगा ८ वर्षांचा, तिसरीत आहे. दिवाळीत त्याच्या मामाने एक इंग्लिश चित्रांचं पुस्तक आणलं. एक म्हातारा संशोधक बोटीने जगभर फिरतो आणि कुणालाच माहीत नसलेल्या, नामशेष झालेल्या प्राण्यांची हाडं, अंडी, पाऊलखुणा शोधतो आणि डायरीत लिहितो, असं आहे ते. रोज रात्री मी मराठीत सांगत सांगत वाचते. त्यातला एक प्राणी त्याचा फार लाडका. पाऊस आला की मानेभोवतीची झालर छत्रीसारखी उघडतो आणि पिल्लांना खाली घेतो. आम्ही त्याचं नाव छत्रीमान्या ठेवलं. पहिल्याच रात्री त्याने विचारलं, आई हा खरंच होता? मी म्हटलं, हो, होता ना. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं होतं, डायनोसॉर होते तसा हाही असेल. दोन दिवसांनी गूगल केलं तर सगळं काल्पनिक! पण तोवर तो इतका रमला होता की मी गप्प बसले. मागच्या आठवड्यात वर्गात नामशेष प्राण्यांवर बोलायला सांगितलं तर हा छत्रीमान्यावर बोलला. बाई म्हणाल्या असा प्राणी नव्हताच, मुलं हसली, आता त्याला फेकू म्हणतात. घरी येऊन म्हणाला, बाईंना माहीत नाही, तू सांगितलंयस ना तो होता. मला रडूच आलं. मिस्टर म्हणतात असली पुस्तकं देऊच नका, त्यापेक्षा पाढे करून घे. त्याने आता स्वतःची वही केलीय, तसेच प्राणी काढतो, एका पानाचा फोटो पाठवतेय. आणि परवा झोपताना विचारत होता, शेवटचा छत्रीमान्या एकटाच होता का. काय सांगू? पुस्तक लपवून ठेवू का?
– एक आई, चाळीसगाव"

अगं, लपवलं असशील तर आधी ते पुस्तक काढ आणि परत त्याच्या उशाशी ठेव. बाकीचं सावकाश बोलू.

तू फसलीस त्याची लाज वाटून घेऊ नकोस, कारण अशी पुस्तकं करणारे लोक त्यासाठीच रात्रीचा दिवस करतात. डायरीची पिवळट पानं, कोपऱ्यात चहाचा डाग, लॅटिनसारखं दिसणारं नाव, बाजूला माणूस उभा करून प्राण्याची उंची, नकाशावर तुटक रेषेने बोटीचा मार्ग. हे सगळं खऱ्या संशोधकांच्या वह्यांवरून उचललेलं असतं. मी २७ वर्षं शाळेची लायब्ररी सांभाळली आणि अशा पुस्तकांची पानं उलटताना माझीही एकदा गडबड झालेली आहे. आणि उलटं पण होतं बरं का. ऑस्ट्रेलियातून प्लॅटिपसचं वाळवलेलं कातडं पहिल्यांदा इंग्लंडात पोचलं तेव्हा तिथल्या मोठ्या प्राणीतज्ज्ञाला, जॉर्ज शॉला, वाटलं कुणीतरी मस्करी केलीय, कसल्यातरी प्राण्याच्या अंगाला बदकाची चोच चिकटवून पाठवलीय. १७९९ मध्ये त्याने त्याचं वर्णन छापलं खरं, पण मनात शंका ठेवूनच. म्हंजे तिथे खरा प्राणी समोर होता आणि जाणकार माणूस म्हणत होता असं कुठं असतं का. तू तर रात्री साडेनऊला, स्वयंपाक आवरून, इंग्लिशचं मराठी करत करत वाचत होतीस.

पण एक सांगू का, रागावू नकोस. तू पहिल्या रात्री हो म्हणालीस ती चूक नव्हती, तुला तसं वाटलं आणि तू तसं सांगितलंस. तिसऱ्या दिवशी कळल्यावर गप्प बसलीस ती मात्र चूक झाली. कारण पुस्तकावर विश्वास ठेवून तो वर्गात उभा राहिला नाही, तुझ्यावर ठेवून राहिला. हे त्याला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तूच सांग, या रविवारी सांग.

कसं सांगायचं ते मी चुकून शिकले, म्हणून लिहिते. आमच्या लायब्ररीत एक मुलगा यायचा, चौथीतला, मधल्या सुट्टीची घंटा झाली की डबा न खाता थेट माझ्या टेबलाशी. त्याच्या हातात समुद्रराक्षसांचं एक असंच पुस्तक होतं आणि त्याने मला विचारलं, बाई हा अरबी समुद्रात पण सापडेल का? मी नेमकी रजिस्टर भरत होते, मान पण वर केली नाही, म्हटलं, बाळा ते सगळं खोटं असतं. त्याने पुस्तक मिटलं, टेबलावर ठेवलं, नीट, कडा जुळवून, आणि गेला. वर्ष संपेपर्यंत त्याने फक्त सामान्यज्ञानाच्या प्रश्नोत्तरांची पुस्तकं नेली. मी नंतर खूप प्रयत्न केले, गोष्टीचं पुस्तक हातात दिलं की विचारायचा, हे खरंय का खोटं, आणि गोष्ट म्हटलं की परत द्यायचा. ती कडा जुळवून ठेवलेली वही-पुस्तकं अजून दिसली की मला तोच आठवतो.

तेव्हा 'खोटं' हा शब्द टाळ. 'रचलेलं' म्हण, 'कुणीतरी बनवलेलं' म्हण. पोरांना हा फरक आपल्यापेक्षा चांगला कळतो, भातुकलीतला चहा कुणी खरंच पीत नाही आणि तरी कप उलटा धरलास तर ओरडतात, सांडला ना! साधंच सांग त्याला, की अरे, मला पण तो खरा वाटला होता, मग मी शोधलं तर कळलं की हा प्राणी एका चित्रकाराने मनाने बनवलाय, आणि तेव्हाच मी तुला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, सॉरी. एवढंच. लांबण लावू नकोस. रात्री झोपताना सांगू नकोस, अंधारात पोरं एकटी विचार करत बसतात, आणि बाबांसमोर किंवा चुलत भावंडांसमोर तर अजिबात नको. सकाळी, काहीतरी निवडत सोलत असताना सांग. कदाचित रडेल, कदाचित म्हणेल मला माहीतच होतं (बरेचदा माहीत असतं, ते आपल्यासाठी खेळत असतात!), कदाचित रागावून दिवसभर बोलणार नाही. चालेल.

आणि मग तो नक्की विचारेल, मग ते काका खोटारडे आहेत का, पुस्तकवाले? आता इथे तुझ्याकडे हुकमी पत्ता आहे, कारण खऱ्या खोटारड्या संशोधकाची गोष्ट तुझ्याच खानदेशातली आहे. तुला ठाऊक असेल नसेल म्हणून नीट सांगते, तू त्याला तुझ्या भाषेत सांग.

रानपिंगळा म्हणून एक छोटं घुबड आहे. १८७३ मध्ये ॲलन ह्यूम नावाच्या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने त्याची शास्त्रीय नोंद केली. त्यानंतर थोडेफार नमुने मिळाले, त्यातले काही खानदेशातच, इथे नोकरीला असलेल्या डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने गोळा केले, आणि १८८४ नंतर पक्षी गायबच. सगळ्या जगात मिळून सातेक भरलेले पक्षी म्युझियममध्ये पडून, बाकी काही नाही. आता यात एक कर्नल येतो, रिचर्ड मायनर्त्झहागन, इंग्रज सैन्यातला, मोठा रुबाबदार, पक्ष्यांचा नामांकित जाणकार. त्याने सांगितलं, मी १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ रानपिंगळा मारला, हा बघा नमुना, ही बघा त्यावरची जागा-तारखेची चिठ्ठी. झालं! लोकांनी विश्वास ठेवला, कोण कर्नलवर शंका घेणार. रानपिंगळा शोधायला जाणारे गुजरातेत जाऊ लागले आणि हात हलवत परत येऊ लागले.

पुढे पामेला रासमुसेन नावाच्या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ बाईंना या कर्नलच्या नमुन्यांचा संशय आला. तिने तो भरलेला पक्षी तपासला, एक्सरे काढला, आतला कापूस बघितला, टाके बघितले. प्रत्येक माणसाची पक्ष्यात कापूस भरायची, शिवायची एक सवय असते गं, आपल्याला नाही का करंजीची मुरड बघून कळत ही जाऊबाईंची आणि ही आपली. तर त्या पक्ष्याच्या आत डेव्हिडसनची सवय सापडली. म्हणजे या गृहस्थाने म्युझियममधला डेव्हिडसनचा पक्षी चोरला, उसवला, पुन्हा भरला आणि आपल्या नावाची चिठ्ठी लावली! ही एकच चोरी नव्हती, त्याने असे पुष्कळ पक्षी लाटल्याचं नंतर उघड झालं. मग तिने विचार केला, कर्नलची चिठ्ठी बाजूला ठेवली तर पक्षी खरंच कुठे कुठे मिळाला होता? जुन्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धरून ती आणि तिचे साथीदार निघाले आणि १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये शहाद्याजवळच्या जंगलात, दिवसाढवळ्या, एका झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला. नंतर मेळघाटात दिसला, तानसाच्या जंगलात तर पार मुंबईच्या उंबऱ्याशी दिसला.

ही गोष्ट सांगितल्यावर त्यालाच विचार, की छत्रीमान्या काढणारा चित्रकार आणि हा कर्नल, दोघांनी नसलेली गोष्ट सांगितली, मग फरक काय? आणि थांब. लगेच उत्तर देऊ नकोस प्लीज, आपल्याला आयांना फार घाई असते. चित्रकाराच्या पुस्तकात कुठेतरी पुढेमागे बारीक अक्षरात 'यातले प्राणी काल्पनिक आहेत' असं बहुतेक छापलेलं असेल, ते त्याच्याबरोबर शोध. कर्नलने तसं कुठे लिहिलं नव्हतं. पोरगं आपणहून तिथे पोचेल.

आता वही. मी तो फोटो खूप वेळ बघत बसले. तितूर नदीतला 'गेंडूक', अर्धा गेंडा अर्धा बेडूक, सहा पाय, आणि खाली लिहिलंय "नदीचं पाणी आटलं म्हणून संपला". अगं ८ वर्षांच्या मुलाने लिहिलंय हे! तुझ्या मिस्टरांना दाखव. पाढे होतील, पाढे सगळ्यांचे होतात.

वही थांबवू नकोस, उलट त्यात एक अट घाल. प्रत्येक प्राण्यासाठी तीन गोष्टी लिहायच्या: काय खायचा, कशाने संपला, आणि तो होता हे आपल्याला कशावरून कळलं. तिसरी सगळ्यात अवघड आहे आणि मजा तिथेच आहे. हाड सापडलं? शेण सापडलं? हसू नकोस, चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनोसॉरच्या काळातली दगड झालेली विष्ठा ढिगाने मिळते आणि त्यावरून तेव्हाचे प्राणी काय खात होते ते शोधतात. 'कशाने संपला' याचीही खरी उदाहरणं त्याला दे म्हणजे त्याचे गेंडूक जास्त चांगले मरतील (हे वाक्य जरा विचित्र झालं, पण राहू दे). डोडो बघ. मॉरिशस बेटावर त्याला खाणारं कुणी नव्हतं म्हणून उडणं सुटलं, घरटं जमिनीवर, माणसाची भीती नाही. १५९८ मध्ये डच लोक उतरले, जहाजांतून उंदीर, डुकरं, माकडं आली आणि अंडीच राहिना, शंभरेक वर्षांच्या आत पक्षी संपला. त्याचं एक फार सुंदर रंगीत चित्र आहे, ते जहांगीर बादशहाचा चित्रकार उस्ताद मन्सूर याचं मानतात, आणि पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने तर सुरतेत दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलंय. सुरत! तुमच्या खानदेशातून जाणाऱ्या भुसावळ-सुरत गाडीच्या वाटेवरचं शेवटचं स्टेशन.

आणि तुझ्या घराजवळचंच सांगायचं राहिलं. पाटणादेवीला तुम्ही जातच असाल, सगळे चाळीसगावकर जातात. तिथल्या पाटणे गावाजवळ १९७० च्या दशकात साळी नावाच्या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं, त्यात अश्मयुगातल्या माणसाच्या दगडी हत्यारांबरोबर काय निघालं माहितेय? शहामृगाच्या अंड्याचं कवच. त्यातल्या एका तुकड्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा कोरलेल्या, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीच्या! कवचाचे मणीसुद्धा मिळालेत. म्हणजे ज्या डोंगराखाली तुम्ही डबा खाता तिथे शहामृग धावत होते आणि कुणीतरी बसून अंड्यावर नक्षी काढत होतं, आणि आज आपल्याकडे शहामृग म्हटलं की आफ्रिका आठवते. पुढच्या वेळी देवीला गेलात की त्याची वही बरोबर घे. काही सापडणार नाही, आणि सापडलं तरी उचलायचं नाही हे त्याला आधीच बजाव, पण तो जमिनीकडे ज्या नजरेने बघेल ना, ती बघ.

शाळेचं आता. बाईंकडे तक्रार घेऊन जाऊ नकोस. त्या बरोबरच बोलल्या होत्या, फक्त चारचौघांत बोलल्या, आणि ४०-५० मुलांच्या वर्गात प्रत्येक वाक्य तोलून बोलणं काय असतं ते मी बघितलंय. मधल्या सुट्टीत भेट, झालं ते सांग, तुझी चूक पण सांग, आणि म्हण, त्याला १० मिनिटं द्याल का, तो एक खेळ घेईल. खेळ असा: चार प्राणी, चित्रं त्याने काढलेली, वर्गाने ओळखायचं कुठला बनवलेला. एक, पाय असलेला देवमासा, जमिनीवर चालायचा, पाण्यात पोहायचा. दोन, खानदेशातला शहामृग. तीन, गुलाबी डोक्याचं बदक, बिहार-बंगालच्या दलदलीतलं, १९३५ नंतर खात्रीने कुणी पाहिलं नाही असं. चार, गेंडूक. माझी पैज, निम्मा वर्ग पायाच्या देवमाशाला खोटा म्हणेल, आणि तो तर पक्का खरा, कच्छमध्ये त्याच्या एका जातीचे अवशेष मिळाले, नावही कच्छीसेटस ठेवलंय. मग ज्यांनी फेकू म्हटलं त्यांना तो सांगेल की देवमासा खराय आणि गेंडूक माझा आहे. 'माझा आहे' हे त्याच्याकडून दोन-तीनदा म्हणवून घे घरी, लाजेल नाहीतर ऐन वेळी. बाई हो म्हणतीलच असं नाही, नाही म्हणाल्या तर सोसायटीतली, गल्लीतली पोरं बोलाव, चिवडा दे, तिथे घे खेळ. फेकू हे नाव आठ-पंधरा दिवसांत जातं, दुसऱ्या कुणाला तरी नवीन नाव मिळतं, पोरांचं असंच असतं.

राहिला तो रात्रीचा प्रश्न, शेवटचा छत्रीमान्या एकटाच होता का. मला वाटतं तुझ्या पत्रातली हीच ओळ सगळ्यात नाजूक आहे. मोह होईल पटकन म्हणायचा, अरे तो नव्हताच, रडतोस काय. नको. त्याला वाईट वाटतंय ते बनवलेल्या प्राण्याचं असलं तरी वाटणं खरं आहे, आणि उद्या खऱ्या प्राण्याबद्दल हाच प्रश्न येणार आहे, तेव्हा काय सांगशील? मी तरी अमेरिकेतल्या मार्थाचं सांगते मुलांना. प्रवासी कबुतरं म्हणून एक जात होती, एवढी की थवा डोक्यावरून गेला की दुपारी अंधारून यायचं म्हणे, अब्जावधी. माणसांनी खाण्यासाठी, विकण्यासाठी मारली, जंगलं तोडली, आणि शेवटी एक मादी उरली, मार्था, सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात. १ सप्टेंबर १९१४ ला ती गेली. ती एकटी होती का? हो, होती. पण तिला नाव होतं, माणसं तिला बघायला यायची, ती गेल्यावर बर्फाच्या लादीत ठेवून तिला वॉशिंग्टनच्या म्युझियमकडे पाठवलं, अजून आहे ती तिथे. एवढं ऐकून कुठलं मूल रडलं तर रडू द्यावं, पाठीवर हात ठेवून बसावं. पुढचं काही बोलावं लागत नाही. आणि हे मात्र रात्री चालेल, कारण प्रश्न त्यानेच रात्री विचारलाय.

छत्रीमान्याचं वाचन चालू ठेव. आता दोघांना माहीत असेल की तो बनवलेला आहे, तरी झालर उघडायचा आवाज काढायचा तो काढच, तो बंद केलास तर पोराला वाटेल की शिक्षा झाली.

जाता जाता, गेंडूकाच्या पानावर माझी एक शंका आहे, त्याला विचारून कळव. दात टोकदार काढलेत, वाघासारखे, आणि बाजूला लिहिलंय "फक्त शेवाळ खातो". शेवाळ खायला एवढे दात कशाला रे बाबा? आणि सहावा पाय खोडून परत काढलाय, तो का, तेही विचार.

– मावशी